एक्स्प्रेसवेवर टायरचा आवाज केबिनमध्ये कमी कसा करायचा, गाडीचा स्पोर्टीपणा न घालवता

पोलो जीटी, आय२० एन लाईन, व्हर्टस जीटी, जुनी ऑक्टेव्हिया असल्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी पळते भारी, वळणावर चिकटून जाते, पण कळंबोलीला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागलं की खालून जी घरघर चालू होते ती देहूरोड येईपर्यंत थांबत नाही, मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. मग लोक काय करतात, सरळ ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन पूर्ण गाडीला डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणारी शीट आतून चिकटवणं) करून घेतात, चाळीस-पन्नास किलो वजन वाढतं, आणि टायर तेच जुने कडक झालेले. माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं चाललंय. आधी टायर, मग दरवाजांच्या फटी, मग मागचे व्हील आर्च (चाकावरची पत्र्याची कमान), एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. आणि इंजिनच्या बाजूला हात लावायचाच नाही, कारण तो आवाज ऐकायलाच तर ही गाडी घेतली ना.

आवाज आत येतो कसा हे एकदा नीट समजून घ्या, पुढे पैसे वाचतात. दोन वाटा आहेत. एक म्हणजे टायर रस्त्यावर आपटून जी थरथर होते ती सस्पेन्शनमधून बॉडीत चढते आणि पत्रा वाजायला लागतो, ही खालच्या सुरातली घरघर, छातीत जाणवते. दुसरी वाट हवेतून, ट्रेडच्या, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, खाचांमध्ये हवा दबते-सुटते त्याचा जो सूंऽऽ आवाज होतो तो आर्चमधून, दरवाजाच्या रबरातून, काचेतून आत येतो. याशिवाय टायरच्या आतली हवासुद्धा घुमते, साधारण २०० ते २५० हर्ट्झला, रस्त्याचा जॉइंट लागला की जो टुंग असा पोकळ आवाज येतो तो बहुतेक हाच. स्पोर्टी गाडीत हे सगळं जास्त का, तर टायर रुंद, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) बुटकी, सस्पेन्शनचे रबरी बुश कडक. आणि हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच, मधे फक्त पार्सल ट्रे, त्यामुळे मागच्या चाकांचा आवाज थेट कानाशी येतो.

आता आधी तपासणी. एक्स्प्रेसवे आणि समृद्धी दोन्ही काँक्रीटचे, त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि त्याच रेघांमुळे टायर शिट्टीसारखा सूर धरतो. म्हणून त्याच स्पीडला, समजा ८० ला, एखाद्या चांगल्या डांबरी पट्ट्यावर गाडी चालवून बघा. डांबरावर आवाज एकदम पडला तर रस्ता आणि टायरच्या जोडीचा प्रश्न आहे. डांबरावरही तेवढाच राहिला आणि स्पीडबरोबर हूंऽऽ असा वाढत गेला तर व्हील बेअरिंगवर संशय घ्या, मोकळ्या रस्त्यावर हलकंसं डावीकडे वळवल्यावर आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग असतं, कारण वजन तिकडे जातं, आणि उजवीकडे वळवल्यावर वाढला तर डावं. बेअरिंग गेलेलं असेल तर शीट चिकटवण्यात काहीच अर्थ नाही, आधी ते बदला, तो सेफ्टीचा मामला आहे. गाडी चालवताना एका माणसाला मागे बसवा, त्याला डोकं कधी दरवाजाकडे, कधी डिकीकडे न्यायला सांगा. आवाज कुठून येतोय हे पुढे बसून अर्धंच कळतं.

मग गाडी थांबवून टायरच्या ट्रेडवरून हात फिरवा, पुढून मागे आणि मागून पुढे. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टायर असमान झिजलाय आणि तुमचा अर्धा आवाज तिथेच आहे. अलाइनमेंट करा, ८-१० हजार किलोमीटरला रोटेशन (टायरच्या जागांची अदलाबदल) करत जा, पण एकदा करवत झालेला टायर पुन्हा पूर्ण शांत होत नाही हे धरून चाला. साइडवॉलवर डीओटी असा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर भरपूर ट्रेड दिसत असला तरी रबर कडक झालेलं असतं, तो ओरडणारच.

हवेचं प्रेशर. पंपावर विचारतात ३५ का, आपण हो म्हणतो. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर कमी लोडचा आणि फुल लोडचा आकडा वेगळा असतो, एकट्याने फिरताना कमी लोडचा भरा आणि सकाळी टायर थंड असताना भरा. जास्त हवा म्हणजे टायर दगड झाला. पण आवाजासाठी स्टिकरच्या खाली अजिबात जाऊ नका, हायवेला टायर तापतो आणि फुटतो.

टायर बदलायची वेळ आली असेल तर सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. मिशलिन प्रायमसी ४ एसटी, योकोहामा ब्ल्यूअर्थ-जीटी एई५१, कॉन्टिनेन्टल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ हे सगळे कम्फर्टकडे झुकलेले टायर आहेत, पायलट स्पोर्टसारखे ग्रिपवाले टायर वेगळ्या कामाचे. ट्रॅकवर जात नसाल, आंबा घाट नि वरंध घाट हौसेने चालवत असाल तर कम्फर्ट टायरची ग्रिप पुरते, पावसात तर चांगलीच पुरते. युरोपियन लेबलवर जो डेसिबलचा आकडा असतो तो बाहेरचा आहे, ८० च्या स्पीडला इंजिन बंद करून गाडी नुसती जाऊ देतात आणि साडेसात मीटरवरच्या माइकने मोजतात, केबिनचा नाही, तरी दोन टायरची तुलना करायला उपयोग होतो, ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी. आतून फोम चिकटवलेले टायरपण मिळतात, कॉन्टीसायलेंट, पिरेलीचा पीएनसीएस वगैरे, ते तो पोकळ टुंग आवाज मारतात, ट्रेडचा सूं मारत नाहीत, आणि पंक्चरला आतून पॅच मारायचा तर तिथला फोम कापावा लागतो.

१७ इंची ॲलॉय टाकले असतील तर विचार करा. २०५/५५ आर१६ ची साइडवॉल साधारण ११३ मिलिमीटर, २१५/४५ आर१७ ची ९७, चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, म्हणजे जे गेलं ते सगळं मऊ रबर गेलं. परत १६ वर आलात तर आवाज आणि खड्डे दोन्ही सुधारतात. फक्त आतला ब्रेक कॅलिपर बसतो का ते बघा आणि लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) असतील तर त्यांची साइडवॉल मुळातच कडक, साधे टायर टाकले की फरक लगेच कळतो, पण मग स्टेपनीची किंवा पंक्चर किटची सोय आधी करा.

फटींचं काम स्वस्तातलं आहे. दरवाजात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा नि ओढा, सहज निघाली तर रबर तिथे बसत नाहीये. डी आकाराचं बीडिंग मिळतं, पत्रा स्पिरिटने पुसून लावायचं, फार जाड घेतलं तर दरवाजा आपटावा लागतो.

आता डॅम्पिंग. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करा, रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा वाजला की तिथे शीट हवी, ठस्स आवाज आला तर सोडून द्या. २ मिलिमीटरची ब्युटाइल (चिकट रबराची) शीट घ्या, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली. छतावर गळतीसाठी मारतात ती डांबरी शीट स्वस्त म्हणून वापरू नका, मे महिन्यात बंद गाडीत वास मारते आणि निसटते. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते हे दुकानदार सांगणार नाही, मोठ्या मोकळ्या भागाच्या मधोमध पाव ते अर्धा भाग झाकला तरी पत्र्याची थरथर बसते. सुरुवात मागच्या व्हील आर्चपासून करा, डिकीचं ट्रिम काढून आतल्या बाजूने, मग स्टेपनीचा खड्डा, मग मागच्या सीटखाली. पत्रा आधी स्वच्छ आणि कोरडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रोलर असा दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

शीट थरथर थांबवते, हवेतून येणारा आवाज अडवत नाही, त्याला वजनदार व्हिनाइलचा पडदा लागतो, पत्रा आणि व्हिनाइलच्या मधे बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम. हा पडदा चौरस मीटरला जवळपास ५ किलो असतो म्हणून फक्त आर्चवर आणि डिकीच्या फ्लोअरवर टाका. एवढं करून ट्रायल घ्या, मगच पुढच्या फ्लोअरचा आणि दरवाजांचा विचार करा.

दरवाजे उघडलेच तर खालच्या कडेची पाण्याची भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात आत तळं आणि मग गंज. आतला पाणी अडवणारा पडदा फाडून फेकू नका, काही गाड्यांत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दरवाजातच असतो आणि पडदा फाटला की त्याला दाब नीट कळत नाही. सीट काढायची असेल तर आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच सीटखालचा एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर सोडा, आणि तो परत लावेपर्यंत चावी फिरवू नका, एअरबॅगचा लाइट लागून बसतो. सीटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नाही.