साथीत विसराळू माणसाला तातडीने दाखल करताना या चुका टाळा

२०२०-२१च्या कोविड लाटांत नातेवाइकांना वॉर्डाच्या दारातच थांबवलं जायचं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना आत स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. पुढचे बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

ताप नाही म्हणून थांबणं ही पहिली चूक. म्हातारपणी ताप न येताही आजार बळावतो. अचानक वाढलेला गोंधळ, तोल जाणं, जेवण सोडणं किंवा दिवसभर गुंगीत पडून राहणं, हे आधी दिसतं. "झोपलेत, झोपू दे" म्हणू नका.

ऑक्सिमीटर घाईत वाचला जातो. गार बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, हात स्थिर धरा आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. त्यावर दोन आकडे असतात. नाडीचा ९६ ऑक्सिजनचा समजला की खरा ८८ नजरेतून सुटतो. नेहमी चांगला असणारा ऑक्सिजन ९४च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच कळवा, ९०च्या खाली गेला तर १०८ला फोन करा. चाचणीच्या रिपोर्टची वाट बघू नका. कोविड केंद्रात दाखल करायला पॉझिटिव्ह रिपोर्ट सक्तीचा नाही, हे केंद्र सरकारने मे २०२१मध्येच स्पष्ट केलं होतं.

सगळ्यात महागात पडते ती कागदाची चूक. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे" एवढं पुरत नाही. औषधाच्या स्ट्रिप सोबत द्या आणि एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: औषधाचं नाव, मात्रा, शेवटचा डोस किती वाजता, कशाची अ‍ॅलर्जी, मधुमेह आहे का (स्टिरॉइडने साखर चढते), इन्सुलिन घेऊन जेवण राहिलंय का. त्याखाली माणूस लिहा: कोणत्या हाकेला ओ देतात, कोणत्या कानाने ऐकू येतं, पाणी पिताना ठसका लागतो का, दुखलं की काय करतात. "पोट दुखलं की चादर चुरगळतात" ही एक ओळ परिचारिकेला फार कामाची असते. तीन प्रती करा: एक फाइलला, एक पलंगाला लावायला, एक त्यांच्या पिशवीत.

हरवेल म्हणून चष्मा आणि कानाचं मशीन घरी ठेवू नका. पीपीई किटातल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, त्यात ऐकूही येईना, की घाबरून ऑक्सिजनची नळी उपसली जाते. जास्तीच्या बॅटऱ्या द्या. कवळी कागदात गुंडाळली तर कचऱ्यात जाते. नाव लिहिलेली डबी द्या.

फोन घरातल्या एकानेच करावा, वॉर्डाने दिलेल्या वेळी. विचारा: ऑक्सिजन किती लिटरवर आहे, किती खाल्लं, लघवी झाली का, रात्री झोपले का. व्हिडिओ कॉलवर "ओळखलंत का?" विचारून परीक्षा घेऊ नका. "अण्णा, मी सुनीता, तुमची सून" असं आधी सांगा.

घरी सोडताना कोणत्या जुन्या गोळ्या थांबवल्या आणि त्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे लिहून घ्या. नाहीतर घरच्या डब्यातली बीपीची जुनी गोळी आणि नवी गोळी, दोन्ही पोटात जातात.