एकाच काट्याची पट्टी दोनदा: डुप्लिकेट नोंदींमागच्या या चुका टाळा

केळीची कापणी जोरात सुरू झाली की रावेर-सावद्याकडच्या खरेदीच्या सॉफ्टवेअरबद्दल एक तक्रार हमखास येते: एकाच काट्याची पट्टी (वजन आणि रकमेची पावती) दोनदा पडली. शेतकऱ्याच्या खात्यावर दुप्पट रक्कम दिसते, व्यापाऱ्याचा हिशोब जुळत नाही, आणि संध्याकाळी दोघेही संगणकावर बसणाऱ्या पोराला धरतात. हा लोकांच्या पैशांचा मामला आहे. त्यामुळे डुप्लिकेट नोंदीला किरकोळ बग म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. जँगो असो, लारावेल असो की रेल्स (वेब-सॉफ्टवेअर बनवायची ही तयार साधने), चुका त्याच त्या असतात. बहुतेकींचे मूळ एकच: कोणत्या दोन नोंदी एक समजायच्या, हे ठरवून डेटाबेसला कुणी सांगितलेलेच नसते.

आधी तपासा, मग डिलीट करा

पडद्यावर ओळ दोनदा दिसली की लगेच डेटाबेसच्या टेबलवर हात चालवू नका. टेबलमध्ये नोंद एकच असते आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ती दोनदा दाखवते, असे अनेकदा असते. एका शेतकऱ्याच्या ३ पट्ट्या आहेत आणि त्याने २ वेळा उचल घेतली आहे असे समजा. पट्ट्या आणि उचल ही दोन्ही टेबले एकाच क्वेरीत शेतकऱ्याला जोडली तर ६ ओळी तयार होतात. मग पट्ट्यांची बेरीज दुप्पट येते आणि उचलीची तिप्पट. जँगोमध्ये एकाच क्वेरीत दोन नात्यांवर बेरीज लावली की नेमके हेच होते. डिस्टिंक्ट (सारख्या ओळी गाळणारी सूचना) लावून यादी सुधारलेली दिसेल, पण रकमेच्या बेरजेवर तो उपाय नाही: समान रकमेच्या दोन खऱ्या पट्ट्या असतील तर त्यातली एक गळून जाईल. दोन बेरजा दोन वेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) करा.

टेबलमध्ये खरोखर दोन नोंदी आहेत का, हे ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट (सारख्या नोंदी एकत्र करून एकाहून जास्त असलेल्या दाखवणाऱ्या सूचना) लावून पाहा. दोन्ही नोंदींच्या तयार झाल्याच्या वेळा शेजारी ठेवा. फरक सेकंदाच्या आतला असेल तर बहुधा एकाच वेळी आलेल्या विनंत्या. फरक अर्ध्या-एक मिनिटाचा असेल तर टाइमआउटनंतरचा, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपल्यावरचा, पुन्हा प्रयत्न. दिवसांचा फरक असेल तर माणसाने दुसऱ्यांदा भरलेली माहिती. निम्मे निदान इथेच होते.

कोडमधल्या तपासणीवर विसंबणे

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रेल्समध्ये युनिकनेसचे व्हॅलिडेशन (नोंद एकमेव आहे का ही तपासणी) लिहिले, किंवा जँगोत गेट-ऑर-क्रिएट (नोंद असेल तर दे, नसेल तर बनव) वापरले, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते बघा. पहिली विनंती विचारते, "हा काटा नंबर आहे का?" डेटाबेस म्हणतो, नाही. ती नोंद घालण्याआधीच दुसरी विनंती तेच विचारते आणि तिलाही तेच उत्तर मिळते. दोघी नोंद घालतात. कोडमध्ये एका अक्षराची चूक नाही, तरी नोंदी दोन. घरी चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही, कारण तिथे तुम्ही एकटे असता.

उपाय एकच, डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स, म्हणजे तीच किंमत दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम. तो असला की दुसरी विनंती डेटाबेसच परत पाठवतो. जँगोचे गेट-ऑर-क्रिएट ती एरर पकडून आधीची नोंद शोधून देते, पण इंडेक्स नसेल तर पकडायला एररच नसते. उलट एकदा दोन नोंदी झाल्या की तेच फंक्शन पुढच्या वेळी "एकाहून जास्त नोंदी सापडल्या" म्हणत कोसळते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ऑन कॉन्फ्लिक्ट (नोंद आधीच असेल तर काय करायचे ते सांगणारी सूचना) वापरा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याच कामासाठी ऑन डुप्लिकेट की अपडेट आहे. इन्सर्ट इग्नोर मात्र टाळा, कारण ते डुप्लिकेटसोबत इतर चुकाही नुसती वॉर्निंग देऊन गिळते.

बटण बंद केले म्हणजे झाले?

सेव्हचे बटण एका क्लिकनंतर बंद करा, फॉर्म जतन झाल्यावर रीडायरेक्टही करा (दुसऱ्या पानावर पाठवा). दोन्ही चांगल्या सवयी आहेत. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतातून किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडून मोबाइलवर नोंद येते, तेव्हा अडचण वेगळीच असते. माहिती सर्व्हरपर्यंत पोचते, जतनही होते, आणि उत्तर परत येताना रेंज जाते. ॲपला वाटते काम झाले नाही, ते पुन्हा पाठवते. म्हणून फॉर्म उघडतानाच फोनवर एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारी ओळखखूण) तयार करा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा आणि सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक करा. दुसऱ्यांदा तोच आला तर एरर दाखवू नका, आधीची पावती परत द्या. काट्यावर उभ्या माणसाला आपली पावती हवी असते.

नावाला ओळख मानणे

आपल्याकडे हे मुळीच चालत नाही. एकाच गावात तेच नाव, तेच वडिलांचे नाव आणि पाटील, चौधरी किंवा महाजन हे आडनाव असलेली दोन माणसे सहज सापडतात. नावावर युनिक लावले तर दुसऱ्या खऱ्या शेतकऱ्याची नोंदणीच अडते. त्याहून वाईट म्हणजे कुणी "डुप्लिकेट" समजून दोघांची खाती एकत्र करतो आणि एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर चढतो. गट नंबरही एकटा पुरत नाही, सामाईक खात्यात भाऊ-भाऊ असतात. सभासद क्रमांक तुम्हीच द्या आणि मोबाइल नंबर पडताळणीला ठेवा.

मोबाइल नंबरही वाटतो तितका सोपा नाही. कुणी पुढे शून्य लावतो, कुणी +९१, कुणी मध्ये जागा सोडतो, आणि मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरी अंकात टाकतो. पायथन भाषेच्या रेजेक्समध्ये (अक्षरांचा नमुना तपासण्याच्या पद्धतीत) अंकासाठीची खूण देवनागरी अंकही मान्य करते. म्हणजे तुमची दहा अंकांची तपासणी तो नंबर पास करते, आणि युनिक इंडेक्सला तो वेगळाच नंबर वाटतो. जतन करण्याआधी सगळे एकाच रूपात आणा.

अक्षरांचेही तेच. ॲग्रो एजन्सीतला "ॲ" एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून "अ" आणि वरचा चंद्र असा दोन भागांत. डोळ्यांना फरक दिसत नाही. तऱ्हाडी या गावाच्या नावातले जोडाक्षरही दोन तऱ्हेने साठवले जाते, त्यातल्या एकात झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह असते. युनिकोडचे एनएफसी नॉर्मलायझेशन (तेच अक्षर साठवण्याच्या वेगळ्या तऱ्हा एका रूपात आणणे) जरूर करा, पण या दोन्ही जोड्या त्याने एक होत नाहीत. त्यांच्यासाठी बदलाचा छोटा नियम स्वतः लिहावा लागतो. गावाचे नाव तर टाइप करूच देऊ नका, यादीतून निवडायला लावा. जळगाव आणि जळगांव हा प्रश्न तिथेच संपतो.

इंडेक्स आहे, तरी दोन नोंदी

मग कॉलममध्ये नल (न भरलेली, रिकामी किंमत) आहे का ते पाहा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही युनिक इंडेक्समध्ये कितीही नल चालवून घेतात. व्यापारी, तारीख आणि काटा नंबर यांवर मिळून युनिक आहे आणि काटा नंबर रिकामा, तर तो नियम लागूच होत नाही. पोस्टग्रेस १५ पासून, म्हणजे २०२२ पासून, नललाही समान मानायला सांगता येते. त्याआधीच्या आवृत्तीत कॉलम सक्तीचा करा. सॉफ्ट डिलीट (नोंद न काढता फक्त काढल्याची खूण करणे) असेल तर पोस्टग्रेसमध्ये फक्त चालू नोंदींवर इंडेक्स लावता येतो.

रात्रीच्या कामांकडेही बघा. जँगोच्या रेडीमध्ये (ॲप सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) शेड्युलर (ठरल्या वेळी काम चालवणारे साधन) सुरू केला आणि गनिकॉर्न या सर्व्हरचे ४ वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) असले, तर तोच हिशोब ४ वेळा निघू शकतो. सेलरी (कामे रांगेतून चालवणारे साधन) रेडिस या रांग साठवणाऱ्या डेटाबेससोबत वापरताना तासापेक्षा उशिराचे काम रांगेत टाकले तर ते पुन्हा दिले जाऊ शकते, कारण काम झाल्याची पोच येण्याची तिथली मुदत मुळात १ तासाची आहे.

साफसफाई करताना

बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. आणि डुप्लिकेट शेतकरी थेट डिलीट करू नका: कॅस्केड लावलेले असेल तर त्याच्या पट्ट्या, उचल, सगळे सोबत जाते. ठेवायची नोंद ठरवा, दुसरीखालच्या पट्ट्या तिच्याकडे वळवा, संख्या आणि रक्कम जुळवा, मग रिकामी झालेली नोंद काढा. हे सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा रीतीने. कोणत्या आयडीचे काय केले ते वेगळ्या टेबलमध्ये लिहून ठेवा, शेतकरी जुनी पावती घेऊन आला की ते लागतेच.

त्यानंतर इंडेक्स. चालू टेबलवर तो कॉन्करंटली (काम न थांबवता) बनवत असाल तर जँगोच्या त्या मायग्रेशनमध्ये (टेबलांची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये) ॲटॉमिक (सगळे एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणे) बंद करावे लागते, कारण हे काम ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. एखादी डुप्लिकेट राहून गेली असेल तर कमांड फसते, पण पोस्टग्रेस अर्धवट, इनव्हॅलिड इंडेक्स मागे ठेवतो. यादीत नाव दिसते म्हणून तो तयार झाला असे धरू नका. तो आधी काढा, राहिलेली डुप्लिकेट शोधून मिटवा आणि मायग्रेशन पुन्हा चालवा.