प्रागमध्ये उतरायचं कुठे? आधी चढ बघा, अंतर नंतर

प्रागला जायचं ठरलं की बहुतेकजण हॉटेलांची यादी उघडून एकच गोष्ट बघतात: जुन्या शहरातला मोठा चौक किती मीटरवर आहे. माझं सांगणं वेगळं आहे. घरातलं वयस्कर माणूस बरोबर असेल तर आधी चढ बघा, मग लिफ्ट, मग ट्रामचा थांबा. अंतर सगळ्यात शेवटी. आपण सांगलीची माणसं. विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत गेलो तरी चढ म्हणावा असा लागत नाही, त्यामुळे नकाशावर 800 मीटर दिसले की दहा मिनिटांत पोचू असं धरून चालतो. प्राग मात्र व्ल्तावा नदीच्या काठावरून टेकड्यांवर चढत गेलेलं आहे आणि जुन्या भागातले रस्ते दगडी आहेत. त्या दगडांवरून चाकांची बॅग ओढायची म्हणजे हातालाही त्रास आणि बॅगेलाही.

नदीच्या अलीकडचं जुनं शहर म्हणजे स्तारे म्येस्तो. 1410 सालचं खगोलीय घड्याळ इथलंच. भाग सपाट आहे, देखणा आहे, पण झोपायला चांगला नाही. बिअरसाठी जगभरातून येणारी मंडळी रात्री उशिरापर्यंत इथल्याच गल्ल्यांतून फिरतात. नदीच्या पुलापलीकडचा माला स्त्राना हा भाग प्रागच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. संध्याकाळनंतर तिथे निवांत असतं, पण नेरुदोवा रस्त्याच्या वरच्या अंगाला खोली घेतलीत तर रोज तो चढ चढावा लागेल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन तिथे राहू नका.

आम्ही सासूबाईंना घेऊन विनोह्रादीत राहिलो आणि मी सगळ्यांना तेच सुचवते. जुन्या शहराच्या आग्नेयेला, झाडांच्या रस्त्यांचा, राहत्या लोकांचा भाग. नाम्येस्ती मीरू हा तिथला चौक. मेट्रोची ए लाइन इथून थेट जुन्या शहरात जाते. तीच लाइन उलट्या टोकाकडून, म्हणजे विमानतळाकडून येतानाही कामाला येते: विमानतळावरून 59 नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन स्टेशनपर्यंत, तिथून मेट्रो, आणि मेट्रो मध्ये बदलावी लागत नाही. या चौकाचं स्टेशन फार खोल आहे, सरकता जिना 87 मीटर लांबीचा. सासूबाईंना त्याची धास्ती वाटायची म्हणून आम्ही ट्रामच धरायचो, आणि खरी सोय तीच निघाली.

22 नंबरची ट्राम या चौकातून जाते, राष्ट्रीय नाट्यगृहाजवळून नदी ओलांडते, माला स्त्रानाच्या चौकात येते आणि वळणं घेत टेकडी चढून प्राझ्स्की ह्राद या थांब्यावर, म्हणजे किल्ल्याच्याच पातळीवर उतरवते. सगळा चढ ट्राम चढते. किल्ला बघून झाला की नेरुदोवा रस्त्याने सावकाश उतरत खाली यायचं आणि खालच्या चौकातून परत 22 पकडायची. सासूबाईंनी किल्ल्यातलं सेंट व्हिटसचं कॅथेड्रल न दमता बघितलं ते यामुळे. गाडीत पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा पर्स पुढे धरा.

दुसरी चांगली जागा कार्लीन. सपाट, नदीलगत, मेट्रोच्या बी लाइनवर. 2002 च्या ऑगस्टमध्ये व्ल्तावाला महापूर आला तेव्हा हा भाग बुडाला होता. 2005 आणि 2019 चं पाणी बघितलेल्या आपल्या माणसाला हे वाचून धसका बसेल. पण त्यानंतर शहराने पुराला अडवणाऱ्या भिंती उभारल्या आणि कार्लीनमध्ये नवी बांधकामं खूप झाली. त्यामुळे जुन्या वाड्यासारख्या इमारतींपेक्षा इथे लिफ्टची आशा जास्त.

लिफ्टबद्दल मालकाला मेसेज करून सरळ विचारा: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? विनोह्रादीतल्या जुन्या इमारतींत रस्त्यावरून आत गेल्यावर आधी सात-आठ पायऱ्या आणि मग लिफ्ट, असं बऱ्याचदा असतं. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' एवढंच लिहिलेलं असतं. खिडकी रस्त्याकडे उघडते की आतल्या चौकाकडे, हेही विचारा. आतली खोली शांत मिळते. उन्हाळ्यात जाणार असाल तर एसी आहे का ते बघा, कारण छताला पंखा नसतो.

शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्या. शेगडी बहुधा इंडक्शनची किंवा काचेची सपाट असते. इथून न्यायचं पातेलं घरीच तपासा: बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल, नाहीतर इंडक्शनवर ते तापणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचा छोटा कुकर म्हणूनच घरी ठेवा. तांदूळ, मूगडाळ, मसाला, भडंग न्या. तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या) अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, म्हणून आधी फुकट रद्द करता येणारं बुकिंग करा आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे येऊ द्या. व्हिसा हातात आल्यावर मनासारखी जागा पक्की करा. पैसे कोरुनात, म्हणजे चेक चलनात मोजले जातात, युरोत नाही. शहराचा पर्यटक कर माणशी, रात्रीगणिक वेगळा लागतो. तो भाड्यात धरलाय की तिथे द्यायचा, ते विचारून घ्या.

फ्लॅट घेतलात तर शेवटची दोन कामं निघण्याआधी करा. तिथल्या दारावरच्या बेलवर फ्लॅटचे नंबर नसून आडनावं लिहिलेली असतात, तेव्हा कोणतं आडनाव दाबायचं ते मालकाकडून लिहून घ्या. आणि विमान सकाळी पोचत असेल तर खोली मिळेपर्यंत बॅगा कुठे ठेवता येतील तेही विचारा. रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवू नका.