जुन्या खेळण्यातल्या रेल्वेच्या दिव्यांचे बल्ब कसे बदलावेत

गेलेला बल्ब काढलात की फेकू नका. त्याच्या पितळी टोपीवर व्होल्ट, अँपिअर किंवा नुसता नंबर असतो, आणि नवा बल्ब त्यावरूनच घ्यायचा. लायोनेल या अमेरिकन खेळण्यातल्या रेल्वेच्या दिव्यांत हमखास सापडणारा १४४७ हा आट्यांचा, १८ व्होल्ट आणि ०.१५ अँपिअरचा, ५३ हा दाबून फिरवायचा, १४.४ व्होल्ट आणि ०.१२ अँपिअरचा. हॉर्न्बी डब्लो ही ब्रिटिश रेल्वे १२ व्होल्ट डीसीवर चालते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात 'बारीक आट्यांचा बल्ब द्या' एवढंच म्हणालात तर बहुधा टॉर्चचा बल्ब हातात पडेल. १४४७ च्या होल्डरमध्ये तो चपखल बसतो, म्हणून लोक फसतात. पण तो अडीच-तीन व्होल्टचा. रेल्वेच्या ट्रान्सफॉर्मरचे सोळा व्होल्ट मिळाले की त्याच क्षणी जातो. व्होल्ट सांगूनच मागा. थोडे जास्त व्होल्टचा मिळाला तर खुशाल घ्या: उजेड मंद पिवळसर पडतो, जुन्या स्टेशनाला शोभतो, आणि बल्ब कितीतरी पट जास्त टिकतो. अँपिअर मात्र जुन्यापेक्षा जास्त नकोत, प्लास्टिकचं कव्हर वितळतं. लांबट बल्ब गोल कव्हरमध्ये मावतो का, तेही दुकानातच बघा.

आता खरी कसोटी: अडकलेला बल्ब. मुंबईच्या दमट हवेत पितळेवर हिरवट थर चढतो आणि आटे होल्डरला धरून बसतात. 'पकडीने फिरवा' हा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून ऐकू नका. काच टोपीपासून सुटते आणि टोपी आतच राहते.

आधी प्लग काढा, बल्ब थंड होऊ द्या. काचेवर घट्ट बसेल अशी रबरी नळी चढवा. अगदी बारीक बल्बला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चालते. सुईच्या टोकाने आट्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायचा द्रव) एकच थेंब सोडा, प्लास्टिकला लागू न देता, आणि रात्रभर थांबा. सकाळी एका हाताने होल्डर पक्का धरा. तो फिरला तर मागची जुनी वायर तुटते, आणि ते काम बल्बपेक्षा दसपट किचकट. मग थोडं घट्ट, थोडं सैल असं हलवत राहा. जोर अजिबात नको. दाबून फिरवायचा असेल तर आधी आत दाबा, मग डावीकडे वळवा.

काच सुटलीच तर चष्मा लावा, उरलेले तुकडे चिमट्याने उचला. नोज प्लायरची मिटलेली टोकं टोपीत घाला, हलकेच उघडून आतून ताण द्या आणि डावीकडे फिरवा. टोक तळापर्यंत खुपसू नका, तिथलं इन्सुलेशन जुनं आणि ठिसूळ असतं.

होल्डर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तळाची पत्ती जरा वर उचला, नवा बल्ब लावा.

अमेरिकन ट्रान्सफॉर्मर स्टेप-डाऊनशिवाय (म्हणजे व्होल्ट कमी करणाऱ्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) आपल्या २३० व्होल्टला कधीही जोडू नका. कमी व्होल्टवर सुरू करा, हळूहळू वाढवा, दहा मिनिटांनी कव्हरला बोट लावून बघा. चटका बसला तर तो बल्ब काढा आणि कमी अँपिअरचा लावा.