कमरेला पिस्तूल लावताय? सामानाच्या या चुका टाळा

शनिवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर नवी मंडळी भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, कुठली गन घेऊ?" दुसराही ठरलेला, "आणि बरोबर काय काय ठेवू?" पहिल्याचं उत्तर मी दोन मिनिटांत देतो. दुसऱ्यावर अर्धा तास जातो, कारण विचारणाऱ्याने आदल्या रात्रीच व्हिडिओ बघून चारशे डॉलरचं सामान मागवलेलं असतं आणि त्याला माझ्याकडून फक्त मान डोलवून हवी असते.

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने बंदूक बाळगता येणाऱ्या माणसाला पिस्तूल जवळ ठेवायला परवाना लागत नाही. मला तत्त्व म्हणून त्याचं वाईट वाटत नाही, पण उतावळ्यांचं फावलं हे खरं. पूर्वी निदान चार-सहा तासांचा वर्ग तरी व्हायचा. ३, ७ आणि १५ यार्डांवर मिळून ५० गोळ्या झाडून दाखवाव्या लागायच्या. आता दुकानातून गनचा डबा घरी आला की संध्याकाळी ती कमरेला. परवाना अजूनही मिळतो. तो काढाच. दुसऱ्या राज्यात गेल्यावर कळेल कशासाठी.

सामानाकडे वळण्याआधी आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, कारण ही चूक दर वर्षी कोणीतरी करतंच. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, गोळीसुद्धा बाळगता येत नाही. राज्य कितीही मोकळं असो. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून, मित्राला विचारून नव्हे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. "ग्रीन कार्ड आलंच आहे जवळजवळ" असं मला सांगू नका. जवळजवळ आलेलं ग्रीन कार्ड म्हणजे न आलेलं ग्रीन कार्ड.

कमरेवर अख्खं दुकान

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी माझ्या अंगावर काय होतं बघा. ग्लॉक १९, भरलेली, साधारण ८५५ ग्रॅम. दोन जादा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात सरकवायच्या पंधरा-पंधरा गोळ्यांच्या पेट्या, मिळून अर्धा किलो. घोट्याला पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर, त्याच्या पट्ट्यासकट पाऊण किलोच्या आसपास. घडीचा चाकू, मल्टिटूल, टॉर्च, पेपर स्प्रे. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं एकत्र ठेवलं, तर अडीच किलोच्या वर गेलं. बायकोने शेजारी पिठाचा डबा ठेवून विचारलं, "हे पण नेतोस का?"

त्या सप्टेंबरात मंडळाचा गणेशोत्सव होता. सुती पायजमा आणि झब्बा. पायजम्याला पट्टा ओवायच्या पट्ट्या नसतात, नाडी असते. मी नाडीवरच पट्टा आवळला, त्यात होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, डावीकडे दोन मॅगझिन, आणि हातात खिरापतीचा डबा घेऊन निघालो. पार्किंगपासून दारापर्यंत दर दहा पावलांनी एका हाताने पायजमा वर ओढत होतो. लपवलेलं पिस्तूल म्हणे! आंधळ्यालाही कळलं असतं की या माणसाच्या कमरेत काहीतरी आहे.

दाराशी पोचल्यावर बायको म्हणाली, "अरे, ही शाळा आहे ना?"

होतीच. आपली मंडळं हायस्कूलचं सभागृह भाड्याने घेतात, हे मला पाच वर्षांपासून ठाऊक होतं. टेक्सासात शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे. रविवार असो, उत्सव असो, वर्गात एकही पोर नसो. परवाना असला तरीसुद्धा. परत गाडीत आलो. बाहेर ३५ अंश. झब्बा वर करून एक एक वस्तू काढायला लागलो. आधी घोट्याचं, मग मॅगझिन, मग पिस्तूल होल्स्टरमधून उपसलं, होल्स्टर पट्ट्यातून सोडवलं, आणि गाडीच्या कप्प्यात ठेवण्याआधी पिस्तूल पुन्हा होल्स्टरमध्ये सरकवायला गेलो. अर्ध्यावर अडकलं. नवशिका काय करतो? जोर लावतो. मीही अंगठ्याने दाब देणार होतो, तेवढ्यात खाली बघितलं. पायजम्याच्या नाडीचं पांढरं टोक होल्स्टरच्या तोंडातून आत गेलं होतं आणि चापाला वेढा घालून बसलं होतं.

ग्लॉकला बाहेरून लावायचा वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. साधारण अडीच किलो दाबाने चाप मागे जातो, आणि तो दाब बोटाने दिला की नाडीने, हे पिस्तुलाला कळत नाही. नळीचं तोंड माझ्या मांडीकडे होतं. मांडीच्या आतल्या बाजूने जी मोठी रक्तवाहिनी जाते, ती फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. आत आरती चालू होती. मी गाडीत दोन मिनिटं हात वर धरून नुसता बसून होतो. प्रसादाला पोचलो.

त्या दिवसानंतर दोन सवयी लागल्या. गाडीत पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. काढायचं तर क्लिप सोडवून होल्स्टरसकट, एकाच तुकड्यात, आणि तसंच सीटला केबलने बांधलेल्या कुलपाच्या पेटीत. चाप झाकलेला तो झाकलेलाच राहतो. दुसरी सवय म्हणजे दिवसभरात कुठे कुठे जायचंय ते घरातून निघतानाच आठवायचं. वाटेत बंदी असलेलं एकही ठिकाण असेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत. गाडीत ठेवण्यापेक्षा ते बरं. चोरांना काच फोडायला किती वेळ लागतो हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

सामान जास्त असलं की ओझं होतं, हा मुद्दा लहान आहे. मोठा मुद्दा असा की जितक्या वस्तू, तितकी काढ-घाल, आणि भरलेल्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटते ती बऱ्याचदा या काढ-घालीतच. लोक गुंडाच्या तयारीत असतात आणि घात पार्किंगमध्ये होतो.

आता माझ्याकडे सिग पी३६५ हे छोटं पिस्तूल आहे. मॅगझिनमध्ये १० गोळ्या अधिक नळीत १, रिकामं असताना अर्धा किलो. एक कडक होल्स्टर, एक जादा मॅगझिन, टॉर्च, टर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला पीळ देऊन आवळायचा पट्टा), फोन. जादा मॅगझिन मी जास्त गोळ्यांसाठी ठेवत नाही. पिस्तुलात सगळ्यात आधी बिघडणारा भाग मॅगझिनच असतो, गोळी धरणारे त्याचे ओठ वाकतात, स्प्रिंग थकते, म्हणून. दुसरं पिस्तूल घोट्याला बांधणारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना फक्त पहिल्याने किती सराव करता एवढं विचारतो. उत्तर सहसा पुटपुटत येतं.

टॉर्च मी रोज वापरतो. टर्निकेट बारा वर्षांत एकदा वापरलं, वादळानंतर फांदी तोडताना शेजाऱ्याच्या पायाला करवत लागली तेव्हा. पिस्तूल एकदाही नाही. मग नवा माणूस दोन जादा मॅगझिन घेतो आणि टर्निकेट घेत नाही, हे मला कळत नाही. 'स्टॉप द ब्लीड' ही रक्तस्राव थांबवायला शिकवणारी मोहीम इथे २०१५ मध्ये सुरू झाली, इस्पितळांतून तासा-दीड तासाचे वर्ग असतात, बरेचसे फुकट. जाऊन शिका. आणि टर्निकेट दहा डॉलरचं घेऊ नका. नकली मालाची प्लॅस्टिकची दांडी पीळ देताना वाकते किंवा तुटते, आणि हे कळायची ती वेळ नव्हे.

रेंजची बॅग ती रेंजचीच

ह्यूस्टनला माझा एक मित्र आहे. नागरिक झालेला, परवाना काढलेला, सगळं रीतसर. वर्षभर एकाच काळ्या पाठपिशवीतून रेंजवर सामान न्यायचा. मग आई आजारी पडली म्हणून घाईने पुण्याला निघाला, तेव्हा तीच पिशवी रिकामी करून त्यात लॅपटॉप टाकला. जाताना कुणाच्या नजरेस काही पडलं नाही. तीन आठवड्यांनी परत येताना मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेवर पिशवी थांबली. बाजूच्या कप्प्याच्या अस्तराखाली ९ एमएमचं एक जिवंत काडतूस. तीन सेंटिमीटर लांब, बारा ग्रॅम वजन.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा काडतुसालाही लागू आहे. टेक्सासचा परवाना तिथे कागदाचा तुकडा. विमान गेलं. जबाब, गुन्हा नोंद, जामीन, वकील, नोकरीवर फोन करून काय सांगायचं हा प्रश्न. अशा प्रकरणांत ते काडतूस जवळ आहे याची माणसाला जाणीव होती का, हे न्यायालयं बघतात, आणि जाणीव नव्हती असं दिसलं तर उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्दही केले आहेत. त्याचाही झाला. पण दीड वर्षाने. मधल्या काळात दर तारखेला त्याचा जीव टांगणीला.

तो मला म्हणाला, "अरे, मी पिशवी झटकली होती." झटकून काडतूस पडत नाही. अस्तराच्या शिवणीत बसतं.

माझी रेंजची बॅग भडक नारिंगी आहे, मुद्दाम, म्हणजे ती घेऊन ऑफिसला जायची मलाच लाज वाटावी. ती गॅरेजच्या दाराच्या आत येत नाही. घरी आल्यावर जॅकेट आणि पँटचे खिसे उलटे करतो, धुवायच्या टोपलीत टाकायच्या आधी. बायकोला वॉशिंग मशीनमध्ये एकदा काडतूस सापडलं होतं, त्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आणि हे फक्त गोळ्यांचं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातच्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या शेकडा ९३ भरलेल्या. आमच्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावरच ३७८. तेव्हा दंड पंधरा हजार डॉलरच्या जवळपास जाऊ शकत होता. सगळ्यांचं कारण एकच असतं, "बॅगेत आहे हे विसरलोच." बॅगेत ठेवलेली वस्तू माणूस विसरतोच. अंगावरची टोचते, म्हणून आठवते.

म्हणूनच पर्समध्ये पिस्तूल नको. पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली खास पर्स असली तरी नको. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात एका बाईच्या अशाच पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं. ती शेजारीच उभी होती. गोळी सुटली आणि ती त्या दुकानातच मेली. यावर मला वाद घालायचा नाही.

बाकीच्या, पटापट

पाचशे डॉलरचं पिस्तूल आणि मॉलमधला मऊ पट्टा. उलटं करा. आधी दीड इंची कडक पट्टा, मग होल्स्टर, मग उरलेल्या पैशात पिस्तूल.

कापडी किंवा निओप्रीनचं (मऊ रबरी) पंधरा डॉलरचं होल्स्टर. चापावर बाहेरून दाब पोचतो. कचऱ्यात टाका, कुणाला देऊ पण नका.

खिशात पिस्तूल ठेवणार असाल तर त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, नाणं नाही, मुखवासाची पुडी नाही.

सुटी काडतुसं खिशात. कशासाठी?

मोठी मॅगझिन घेऊन राज्य ओलांडणं. न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही, आणि टेक्सासचा परवाना तिथे मानत नाहीत. एडिसनला भाच्याच्या मुंजीला जाताय? मग सगळं घरी.

दारावरच्या पिस्तूलबंदीच्या पाट्या न वाचणं. टेक्सासात एक इंच उंचीच्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेलं असतं. दारूच्या अड्ड्यांवर मोठा लाल ५१ चा आकडा. एवढं मोठं दिसत नसेल तर पिस्तुलाआधी चष्मा घ्या.

पेपर स्प्रे न ठेवणं. बहुतेक भांडणं गोळीच्या लायकीची नसतात. मी पिस्तूल घरी ठेवतो त्या दिवशीही, जिथे चालतो तिथे, स्प्रे खिशात असतो.

विकत आणल्या दिवशी भरून बाहेर पडणं. दोन आठवडे घरात, रिकामं, दोनदा तपासून रिकामं, कमरेला लावून वावरा. गोळ्या दुसऱ्या खोलीत. बुटाची नाडी बांधा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून दुधाचा गॅलन काढा, भारतीय बैठक मारून जेवा. जे टोचतं, सरकतं, वर येतं, ते या दोन आठवड्यांत कळतं. मला "एवढा वेळ कुणाला आहे" म्हणणाऱ्या एका पोराने तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात वाकून तांदळाची गोणी उचलली आणि होल्स्टरसकट पिस्तूल फरशीवर. गोळी सुटली नाही. दुकानदाराने त्याला शांतपणे गोणीचे पैसे घेऊन बाहेर काढलं, आणि ती गोणी आणायला आता त्याची बायको जाते.