मीडिया आर्ट्सच्या पदवीनंतर कामाची दिशा कशी ठरवावी

मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीसारख्या (मल्टिमीडिया आणि जनसंवाद या विषयातील बीए) अभ्यासक्रमात लेखन, छायाचित्रण, संकलन (एडिटिंग), जाहिरात असे सगळेच थोडे थोडे शिकवले जाते, आणि पदवी हाती आल्यावर नेमकी तीच अडचण ठरते, कारण काम देणाऱ्याला कोणत्या तरी एका कामात हात बसलेला माणूस हवा असतो. म्हणून अर्ज पाठवण्याआधी, शिकत असताना कोणते काम कोणी न सांगताही आपण पुन्हा पुन्हा सुधारत बसलो, हे आठवावे आणि पुढची निदान दोन वर्षे त्यालाच द्यावीत.

माझ्या मते संकलनाचा विचार अधिक गांभीर्याने व्हायला हवा. सुरुवात सहायक म्हणून होते: आलेल्या फुटेजच्या प्रती सुरक्षित ठेवणे, क्लॅपच्या (शॉटच्या सुरुवातीला वाजवल्या जाणाऱ्या पाटीच्या) आधाराने चित्र आणि स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेला आवाज जुळवणे, प्रत्येक टेकला (एकाच शॉटच्या दर वेळच्या चित्रीकरणाला) प्रसंग आणि शॉटच्या क्रमांकानुसार नाव देणे. सेकंदाला साधारणपणे 24 किंवा 25 फ्रेम (स्थिर चित्रे) असतात, तरी दोन-तीन फ्रेमचा फरक ओठांच्या हालचालीत खटकू शकतो. हे काम चोख करणाऱ्यावरच संकलक विसंबतो आणि पुढे एखादा प्रसंग जोडायला देतो. ज्यांना रीतसर शिक्षण हवे, त्यांनी पुण्याच्या एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) या संस्थेचे संकलनाचे आणि ध्वनीचे अभ्यासक्रम अवश्य पाहावेत. प्रवेश परीक्षेची तयारी मात्र वेळेत सुरू करावी.

ज्यांचे मराठी खरोखर चांगले आहे, त्यांना डबिंगचे संवाद, सबटायटल्स आणि जाहिरातींचे लेखन ही क्षेत्रे खुली आहेत. सबटायटल लिहिणाऱ्याला पात्राचे लांबलचक वाक्य एक-दोन ओळींत, प्रेक्षकाला वाचून होईल इतक्याच वेळात बसवावे लागते, आणि तेही बोलीचा बाज न घालवता. वृत्तलेखनाची ओढ असलेल्यांसाठी आयआयएमसीचे (भारतीय जनसंचार संस्थेचे) अमरावती केंद्र आहे.

शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची चित्रफीत, दीड-दोन मिनिटांची पुरते. सर्वांत चांगले काम सुरुवातीलाच ठेवावे आणि प्रत्येक तुकड्यात आपण नेमके काय केले, ते स्पष्ट लिहावे. समूहाने केलेले काम एकट्याच्या नावावर दाखवू नये. पटकथा निर्मात्याला पाठवण्याआधी मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेऊन तिची नोंदणी करावी. फ्रीलान्स काम घेताना मानधन, आगाऊ रक्कम आणि किती वेळा बदल करून दिले जातील, हे निदान ईमेलवर तरी ठरवून घ्यावे, आणि उरलेली रक्कम जमा झाल्यावरच अंतिम फाइल सुपूर्द करावी.