बासनात गुंडाळलेले खून: ब्रिटिश कोल्ड केस सिरीज बघायच्या कशा

दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतं की ब्रिटिश क्राइम बघायचंय, कशाने सुरुवात करू, मी सांगते अनफरगॉटन, आणि आठवड्याभरात मेसेज येतो की अगं पहिला एपिसोड बघितला पण कोण कोणाचं कोण काहीच कळेना, सोडून दिली. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी फॉरवर्ड केलं की काम झालं.

कोल्ड केस म्हणजे उलगडा न झालेली जुनी केस, फाइल बासनात गुंडाळून वर्षानुवर्षं कुठेतरी पडलेली. इंग्लंडमध्ये खुनाला मुदत नाही, म्हणजे चाळीस वर्षांनी सापडलात तरी खटला उभा राहतो. अनफरगॉटनचा पहिला सीझन (२०१५, आयटीव्ही) इथूनच सुरू होतो, लंडनमधल्या पाडलेल्या घराच्या तळघरात हाडं सापडतात आणि ती निघतात १९७६ साली गायब झालेल्या एका पोराची.

आता पहिला एपिसोड लावताना कागद-पेन घेऊन बसा, खरंच सांगतेय. कारण हाडं एकीकडे आणि दुसरीकडे चार वेगळीच माणसं दिसायला लागतात, एक चर्चचा फादर, एक बडा उद्योगपती, एक व्हीलचेअरमधले आजोबा, एक बाई. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हाडांशी काय, कोणी काही सांगत नाही. इथेच लोक बंद करतात. तुम्ही चार नावं लिहा, प्रत्येकापुढे दोन रकाने, 'आत्ता' आणि 'तेव्हा'. 'आत्ता' पहिल्याच एपिसोडला भरतो: घर, बायको-नवरा, नातवंडं, लोकांत मान. 'तेव्हा' तिसऱ्या-चौथ्यापर्यंत जवळजवळ कोराच राहतो, आणि खरी सिरीज त्या कोऱ्या रकान्यात आहे. खून कोणी केला हे शेवटी कळतंच, पण तीस-चाळीस वर्षं उराशी काहीतरी दाबून जगलेल्या माणसाच्या घरात पोलिस चहा घ्यायला येऊन बसले की त्याच्या बायकोचा चेहरा कसा होतो, ते बघायला आपण आलोय.

माझ्या आईला हे पटायला दोन सीझन लागले. ती सीआयडीवर वाढलेली, म्हणजे तपास म्हणजे शिवाजी साटमांचा फिरणारा हात आणि दयाने तोडलेलं दार. इथे कोणी दार तोडत नाही, बेल वाजवतात आणि आत येऊ का विचारतात. "अगं पण हे त्याला एक कानाखाली का नाही देत?" असं ती फोनवर विचारायची. तर त्यासाठी एक गोष्ट माहीत करून घ्या. तिकडे चौकशीआधी प्रत्येक संशयिताला एक ठरलेलं वाक्य ऐकवतात, अर्थ असा की तुम्ही बोलायलाच पाहिजे असं नाही, पण जी गोष्ट आत्ता विचारल्यावर लपवलीत आणि उद्या कोर्टात त्याच गोष्टीचा आधार घेतलात तर ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं. हे डोक्यात असेल तर "नो कमेंट" म्हणणारा माणूस काय जुगार खेळतोय ते कळतं, आणि टेबल, टेप आणि वकील एवढ्यावर चाललेला दहा मिनिटांचा सीन मारामारीपेक्षा जास्त धरून ठेवतो.

ब्रिटिश सिरीजचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे म्हातारे नट. व्हीलचेअरमधल्या आजोबांचं काम टॉम कोर्टनी यांनी केलंय, जन्म १९३७ चा, आणि त्या भूमिकेला २०१६ मध्ये बाफ्टा मिळालं. ते कपात चमचा फिरवताना सुद्धा आपण बघत बसतो. आणि एक गंमत, त्यातला उद्योगपती म्हणजे ट्रेव्हर ईव्ह, जो त्याआधी वेकिंग द डेडमध्ये (२००० ते २०११, बीबीसी) वर्षानुवर्षं कोल्ड केस पथकाचा साहेब होता. टेबलाच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला. शिवाय तपास करणारा सनी खान, म्हणजे संजीव भास्कर, पाठीला सॅक लावून फिरणारा शांत माणूस. त्याच्या नावावर, रंगावर सिरीजचा सगळा डोलारा उभा नाही, तो आपलं काम करतो आणि कॅसीला, म्हणजे तपासाची प्रमुख असलेल्या त्याच्या साहेबाला, सांभाळतो. देशी पात्राला एवढं साधं ठेवलेलं फार कमी बघायला मिळतं.

आता दुखणी. अनफरगॉटनचा साचा एकदा कळला की कळला: मृतदेह, मग चार-पाच अनोळखी माणसं, प्रत्येकाचं काहीतरी लपवलेलं, प्रत्येकावर एकेक एपिसोड संशय, आणि शेवटच्या एपिसोडला चौकशीच्या खोलीत लांबलचक कबुली. तिसऱ्या सीझनपर्यंत आई "हा नाही, याच्यावर अजून दोन एपिसोड बाकी आहेत" असं घड्याळ बघून सांगायला लागली होती, आणि बरोबर निघायची! पुरावे पण फार गुणी असतात, गंजलेली किल्ली, पेजर, भिजलेली डायरी, सगळं नेमकं टिकतं आणि नेमकं बोलतं. यावर उपाय एकच, लागोपाठ बघू नका. एका सीझनचे सहा एपिसोड, रोज एक, आणि दोन सीझनच्या मधे महिनाभर दुसरं काहीतरी.

ते दुसरं काहीतरी म्हणजे खऱ्या केसवरच्या सिरीज, त्यांचं बळ आणि दुखणं दोन्ही वेगळं. द पेम्ब्रोकशायर मर्डर्स (२०२१) तीनच भाग. वेल्समधले १९८५ आणि १९८९ चे चार खून, शिक्षा झाली २०११ मध्ये. खुनी कोण ते जवळपास सुरुवातीपासून माहीत, प्रश्न एवढाच की सिद्ध कसं करायचं. त्यातलं एक दृश्य विसरता येत नाही. तो माणूस १९८९ मध्ये, दुसऱ्या दुहेरी खुनाच्या काहीच आठवडे आधी, टीव्हीवरच्या बुल्सआय नावाच्या डार्ट्सच्या गेम शोमध्ये स्पर्धक म्हणून आला होता, आणि पोलिस ते जुनं फुटेज साक्षीदाराच्या वर्णनावरून काढलेल्या रेखाचित्राशेजारी ठेवतात. हे कथालेखकाने रचलं असतं तर आपण हसलो असतो. पण या सिरीजमध्ये मेलेली माणसं फोटोपुरतीच उरतात, सगळा वेळ पोलिस अधिकाऱ्याच्या तगमगीला, ते मला खटकलं.

स्टीलटाउन मर्डर्स (२०२३, चार भाग) मला जास्त आवडली. पोर्ट टॅलबट भागात १९७३ मध्ये तीन मुलींचे खून झाले, उलगडा २००२ मध्ये. इथे एक ट्रिक सांगते जी कुठल्याही कोल्ड केस सिरीजला चालते: गुन्ह्याचं साल बघा. डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध १९८४ चा, लेस्टरमधले अ‍ॅलेक जेफ्रीज, आणि ब्रिटनचा राष्ट्रीय डीएनए डेटाबेस १९९५ चा. म्हणजे १९७३ मध्ये ज्याने कपड्यांचे तुकडे पाकिटात बंद करून लेबल लावून ठेवले त्याला त्याचा पुढे काय उपयोग होणार याची कल्पनाच नव्हती, तरी त्याने ते नीट ठेवले. तीस वर्षांनी त्यावरचा डीएनए डेटाबेसमधल्या एकाशी अर्धवट जुळला, कारण डेटाबेसमधला तो माणूस खुन्याचा मुलगा होता. खुनी १९९० मध्येच मेलेला, तर खात्री करायला कबर उकरावी लागली. खटला नाही, कबुली नाही, कोर्टात कोणी मान खाली घालून उभं नाही. काहींना हे अर्धवट वाटतं, मला उलट तेच खरं वाटलं.

डोक्याला ताप नको असेल तर न्यू ट्रिक्स (२००३ चा पायलट, मग २०१५ पर्यंत), निवृत्त पोलिस आणि त्यांची कुरकुर, जेवताना लावायला मस्त, पण सुरुवातीचे सीझनच बघा, शेवटाला मूळ चौघांतलं कोणीच राहिलं नव्हतं. वेकिंग द डेड मात्र रात्री एकट्याने नको, फार भडक होते मधेच, आणि साहेब ओरडतो किती!

सबटायटल चालू ठेवा, वेल्श आणि उत्तर इंग्लंडचे उच्चार भल्याभल्यांना झेपत नाहीत. हुद्दे चढत्या क्रमाने डीसी (डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल), डीएस (सार्जंट), डीआय (इन्स्पेक्टर), डीसीआय (चीफ इन्स्पेक्टर), एवढं पुरे. नटांची नावं सर्च करू नका, अनफरगॉटनबाबत तर अजिबात नाही, एका सर्चमध्ये सगळी वाट लागते. आणि चौथा सीझन संपला की पाचवा लगेच लावू नका, चार दिवस जाऊ द्या. आईने त्याच रात्री लावला आणि दहा मिनिटांत बंद करून मला फोन केला, रात्री पावणेबाराला.